आधी हवा काढ

मागचं चाक खाली खाली चाललं होतं आणि बाळाचे पप्पा मागून ओरडत होते, "रेस दे! अजून दे!" आणि मी देत होते. शेजारच्या सीटवर केळीचं प्लास्टिकचं क्रेट, त्यात गोधडी, गोधडीत आमची अकरा महिन्यांची पोरगी. ती एवढी रडत होती की आवाजच निघत नव्हता, नुसतं तोंड उघडं. मी एक हात स्टेअरिंगवर ठेवलेला, एक तिच्या पोटावर, पाय रेसवर, आणि गाडी पुढे जायची सोडून मागून बसत चालली होती, जशी म्हैस पाण्यात बसते तशी. रेती उडून मागे ह्यांच्या अंगावर आदळत होती. मग खालून घर्र असा आवाज आला आणि मी पाय उचलला.

हे खाली वाकले, आडवे झाले, गाडीच्या पोटाखाली बघितलं आणि तसेच बसून राहिले.

"पोट टेकलं," म्हणाले. "आता ट्रॅक्टरशिवाय नाही."

दुपारचे बारा वाजून गेले असतील. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीचं ऊन. नदी कोरडी, पांढरी रेती डोळ्यात घुसत होती, एक झाड नाही. मोबाईलला रेंज नाही. आणि पाण्याचा जार मागे पत्र्यावर कलंडलेला, झाकण उघडलेलं, सगळं पाणी रेतीत. आमच्याजवळ एकच बाटली उरली होती, ती पण अर्धी.

नदीच्या पलीकडे माझं माहेर. तीन-चार किलोमीटर, सगळा चढ, दगडांचा. मागे नदीअलीकडच्या गावात ट्रॅक्टर होता, ते पण तेवढंच लांब. हे म्हणाले, "तू एवढ्या उन्हात पोरीला घेऊन चालू नकोस. मी पळत जातो. तासाभरात ट्रॅक्टर घेऊन येतो. तू इथून हलू नको. गाडी पण हलवू नको. ऐकलं का? हलू नको."

मी मान हलवली. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मला दिला आणि उघड्या डोक्याने पळत सुटले.

तोवर मी गाडीला शिव्या देत बसले होते, कारण ही गाडी डोंगरात यावी म्हणून आम्ही तिच्यावर काय काय केलं होतं.

गाडी साधी पिकअप. जुनीच घेतलेली, कंपनीने दिली तशी, काही वाढवलेलं नाही. माझं सासर जळगावकडे, केळीच्या पट्ट्यात. बागेतून घड भरायचे, धुळ्याला नाहीतर नरडाण्याला टाकायचे, परत यायचं. रस्ता डांबरी. गाडीला कधी काही कमी पडलं नाही. कमी पडलं ते मला. लग्न झाल्यापासून माहेरी जायचं म्हणजे नदीपर्यंत गाडी आणि पुढे पायी. एकटी होते तोवर चालत होते. पोर झाल्यावर माझ्या आईने निरोप धाडला की आखाजीला लेकीला घेऊन ये, झोका बांधलाय. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर आई दारातून हलत नाही, बघत राहते. तिचे गुडघे गेलेत, ती खाली येऊ शकत नाही. तिने नातीला बघितलंच नव्हतं, मोबाईलमध्ये बघितलं तेवढंच.

हे म्हणाले, "पायी नाही न्यायची पोरगी. गाडीच वर नेऊ. डोंगराची करू तिला."

हे डोंगराची करायचं खूळ त्यांच्या डोक्यात मेहरूण तलावावर शिरलं. एका रविवारी जळगावला गेलो होतो तर तलावाच्या काठाला एक जीप उभी होती, कोणा हौशी माणसाची. माझ्या कमरेएवढे टायर, टपावर लायटींची रांग, पुढे लोखंडी बंपर, आणि बाजूने वर गेलेलं एक काळं नळकांडं. मी म्हटलं, "हिला नाक का फुटलंय?" हे हसले नाहीत. तीन वेळा जीपला फेरी मारली. मी भेळ खात उभी, पोरगी कडेवर, हे जीपच्या खाली डोकावताहेत.

आमच्याकडे पैसे ठेवलेले तेवढेच. त्यात सगळं येणार नव्हतं. मागच्या दोन चाकांना चांगल्या नक्षीचे टायर आले असते, नाहीतर मग बंपर, लाईट आणि एक पाटा. पाटा म्हणजे मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या असतात एकावर एक, त्यांच्यावर सगळं वजन बसतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं वाटायचा पाटा. मी म्हटलं, "गाडीत पाटा कशाला, चटणी वाटायची का?" मग दोन दिवस सासूबाई त्यावर हसत होत्या. आमच्या पट्ट्यात सगळे पाटा वाढवतात. घड जास्त बसतात. आमच्याकडे मजबूत म्हणजे टाईट. पाटे टाईट, टायरात हवा टाईट. पंक्चरवाल्याकडे गेलं की हे म्हणणार, "टाईट मार."

तर आम्ही धुळ्याला माल टाकून परत येताना हायवेच्या कडेला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्याला नाना म्हणतात. आयुष्यभर डोंगरातल्या जीपा दुरुस्त केल्या म्हणे त्याने. चहा पीत खाटेवर बसला होता, शेजारी दोन-तीन ड्रायव्हर.

"काय करानं शे तिले?" नानाने विचारलं.

ह्यांनी सांगितलं. बंपर, लाईट, पाटा. मोबाईलमधले फोटो दाखवले.

"जावानं कथं शे?"

"सासरवाडीला. डोंगरात."

"सासरवाडीले येवढी लाईट?" नाना म्हणाला. "रातले जास का, चोरसारखा? आन बंपर कोनले मारशी, सासराले?"

ड्रायव्हर हसले. एकाच्या नाकातून चहा आला. ह्यांचा चेहरा कसानुसा झाला. मग नानाने उठून आमच्या गाडीच्या मागच्या टायरला लाथ घातली, हळूच, आणि यांच्याकडे बघून म्हणाला, "बंपर, लाईट, बठ्ठं ऱ्हाऊ दे भाऊ. आधी हवा काढ. मंग देखू."

आता तुम्हीच सांगा, चार माणसात आधीच टिंगल चाललेली, त्यात कोणी म्हणालं आधी हवा काढ, तर तुम्ही काय समजाल? सगळे परत हसले. आणि खरं सांगते, मी पण हसले. तोंडाला पदर लावला पण ह्यांनी बघितलं.

"चल," म्हणाले. गाडीत बसले आणि नरडाण्याच्या फाट्यापर्यंत गाडी नुसती पळवली. मग म्हणाले, "माझी हवा काढतो म्हणे. मी काय हवेत आहे का? पोरीला आजीकडे न्यायचंय म्हणून विचारायला गेलो."

मला एवढं वाईट वाटलं. मी म्हटलं, "तुम्हाला पाहिजे ते लावा."

मग जळगावच्या दुकानातून बंपर लागला, दोन लाईट लागले, आणि पाटा वाढला. पैसे संपले. टायर तेच, हवा टाईट. गाडी मागून उंच झाली, रुबाबदार दिसायला लागली बाकी. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी माल टाकला आणि रिकाम्या गाडीने निघालो. रिकाम्या गाडीला तो वाढलेला पाटा दबेचना. प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू ससा उडतो तशी उडायची. त्यातच जार कलंडला, आम्हाला कळलं पण नाही. आणि नदीत उतरलो तर रिकामी, टणटणीत गाडी, अरुंद टणटणीत चाकं, रेतीत सुरीसारखी गेली खाली.

हे सगळं मला आत्ता असं ओळीने सांगता येतं. तेव्हा काही कळत नव्हतं. मी गाडीच्या सावलीत बसले होते, सावली म्हणजे हातभर. पोरीला पाजलं. ती प्यायली थोडं, मग तोंड फिरवलं. बाटलीतलं पाणी बोटाने तिच्या ओठांना लावलं, रुमाल ओला करून डोक्यावर ठेवला, तो पापड वाळतो तसा वाळला. किती वेळ गेला कळेना. तिचे गाल लाल झाले, अंग तापलं. आणि मग तिचं रडणं थांबलं.

आया असतील त्यांना सांगायला नको. पोर रडतं तेव्हा जीव जातो, पण असं रडणं थांबतं तेव्हा सगळंच जातं. मी तिला हलवलं, "ए बाई, ए माय, बघ ना इकडे," ती बघायची, आणि डोळे परत मिटायचे. तिला परत क्रेटमध्ये ठेवलं, गाडीचं दार उघडं टाकलं आणि टपावर चढून मागचा रस्ता बघितला. कोणी नाही. नुसती झळ हलत होती.

मी खाली उतरले आणि माझा हात टायरला लागला. चटका बसला. दगडासारखा टायर, दाबून बघितला तर जरा पण दबेना. आणि मला आमचे आबा आठवले. माझे वडील. मी लहान होते तेव्हा याच नदीतून काठेवाडी लोक मेंढरं घेऊन जायचे, त्यांच्यासोबत उंट असायचे. आमची बैलगाडी रुतायची आणि एवढा मोठा उंट डुलत डुलत निघून जायचा. आबा म्हणायचे, "त्याना पाय देख. रेतीवर पसरस. म्हनीसन बुडत नही."

आणि मग एकदम, जशी कोणी थोबाडीत मारली तशी मला नानाची लाथ आठवली. त्याने लाथ मारली ती टायरला. हवा काढ म्हणाला ते टायरबद्दल. यांच्याबद्दल नाही. त्याने आम्हाला फुकटातली गोष्ट सांगितली होती, आणि आम्ही रुसून निघून आलो होतो.

मी केसातला आकडा काढला. टायरच्या नळीचं टोपण काढलं, आत पिन असते ती आकड्याने दाबली. फस्स करून गरम हवा तोंडावर आली आणि मी हात मागे घेतला, घाबरले, वाटलं गाडीच खराब करतेय. ह्यांनी सांगितलं होतं हलवू नको. आमचं सगळं घर या गाडीवर. पण गाडीच्या आत ती झोपलेली, तिचा आवाज नाही, मी परत दाबली. किती काढायची माहीत नाही. मी आठवीतून शाळा सोडलेली, मला कोण सांगणार हवेचा आकडा किती? मी बघत राहिले. टायर खाली फुगायला लागला, बाळंतपणाआधी माझे पाय सुजले होते तसा. तेवढ्यावर थांबले. मग दुसरा. मग पुढचे दोन. हाताने चाकांपुढची रेती उकरली, नखं निघाली, पोटाखालची उकरली जेवढी निघाली तेवढी, आणि मागे केळीला लावायची बारदानं होती ती चाकांपुढे अंथरली.

गाडी मला येते असं नाही. मला फक्त पहिला गिअर येतो. बागेत घड भरताना माणसं बाजूने चालत घड टाकतात, गाडी मुंगीसारखी पुढे न्यायची असते, रेस द्यायचीच नाही, नुसतं क्लच सोडायचं. ते काम माझं. लग्नानंतर तेवढंच शिकले. मी पोरीचं क्रेट सीटखाली पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसवलं, चप्पल काढली, चाबी फिरवली, आणि ह्यांनी सांगितलं तशी रेस दिली नाही. बागेत नेते तशी नेली. हळू. गाडी कण्हली. बारदान करकरलं. आणि माझ्या देवा, ती उठली. उठली आणि चालायला लागली, डुलत डुलत, आणि मी रडतेय, आणि बोलतेय, "चल माय, चल, चल," पोरीला म्हणत होते का गाडीला, माहीत नाही.

पलीकडच्या काठावर आल्यावर मी थांबायला पाहिजे होतं. सावली नव्हतीच, पण थांबायला पाहिजे होतं. निदान मागे जाऊन एक रुमाल काठीला बांधून रेतीत उभा करायचा. एवढं सुद्धा सुचलं नाही. मी खाली वाकून बघितलं, ती डोळे मिटून होती, ओठ कोरडे, आणि वरच्या बाजूला आमच्या गावचं कडुनिंब दिसत होतं, लहानसं. मी गेले तशीच. पहिल्या गिअरमध्ये, मऊ टायरवर, दगडांवरून. शेवटच्या वळणावर एक टायर बाजूने कापला गेला, फडफड आवाज यायला लागला, तरी थांबले नाही. लोखंडी रिंगवर गाडी दारात नेली.

आई दारातच होती. गुडघे धरून उठली. "माय वं! पोर लाल व्हई गयी. दे आठे, दे!" तिने नातीला पहिल्यांदा हातात घेतलं ते असं. ओल्या लुगड्यात गुंडाळलं, पायाला पाणी लावलं, चमच्याने थेंब थेंब पाणी. गावात औषधपाणी बघणाऱ्या आशाताई बाजूच्याच घरातल्या, पळत आल्या, साखर-मिठाचं पाकीट घेऊन. अर्ध्या तासाने पोरीने आईचं नाक धरलं आणि भोकाड पसरलं. एवढं छान रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि तेव्हा मला हे आठवले.

ते ट्रॅक्टर घेऊन नदीवर आले तर गाडी नाही. एक खड्डा, फाटकी बारदानं, आणि रेतीत पडलेलं पोरीचं टोपडं. चाकांच्या खुणा समोर होत्या, ट्रॅक्टरवाला म्हणत होता अरे भाऊ वर गेलीय गाडी, पण ह्यांना दिसलंच नाही म्हणे काही. गाडी आपोआप निघणार नाही आणि हिला बागेतल्या पहिल्या गिअरपलीकडे येत नाही, एवढंच डोक्यात. त्यांना वाटलं कोणी आलं आणि आम्हाला गाडीसकट नेलं. काय काय वाटलं ते त्यांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. ट्रॅक्टर सोडून ते आमच्या गावातून माणसं आणायला चढावरून पळत आले, बूट रेतीने भरले म्हणून काढून टाकलेले. दारात आले तेव्हा पायातून रक्त येत होतं. पोरगी आजीच्या मांडीवर. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उंबऱ्यावरच बसले. तिचा एक पाय हातात धरला आणि डोकं खाली घालून बसून राहिले. आईने पाण्याचा तांब्या दिला तर तो पण घेतला नाही. टायरकडे बघितलं सुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही नानाकडे गेलो. हे स्वतः म्हणाले जायचं. फाटलेल्या टायरच्या जागी जुनाच टायर टाकला होता, नवा परवडत नव्हता. हे खाटेजवळ जाऊन म्हणाले, "नाना, हवा किती काढायची ते शिकवा." नानाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, पण ह्या वेळी हसला नाही. जागा दिली बसायला. म्हणाला पाटा उतरव, रिकाम्या गाडीले काय करस त्याले. हवा मोजायचं घड्याळ घे आणि गाडीच्या लायटरवर चालणारा छोटा पंप घे, म्हणजे रेतीत हवा काढता येईल आणि दगड लागायच्या आधी परत भरता येईल. एक चांगला दोर घे. टायर झिजले की मग नक्षीचे घाल, आत्ता नको. बंपर आणि लाईट दुकानात परत घेतले नाहीत, ते यांनी एका ट्रॅक्टरवाल्याला विकले. त्या पैशात घड्याळ आणि पंप आले. आता आम्ही महिन्यातून एकदा वर जातो. नदीच्या काठाला हे गाडी थांबवतात, खाली उतरतात आणि चारी चाकांची हवा काढतात. पोरगी खिडकीतून फस्स म्हणते.

हे कधी रागावले नाहीत त्यावरून. पण कधी कधी, जेवताना, नाहीतर पोरगी झोपल्यावर, एकदम म्हणतात, "थांबायचं होतं ना गं." जोरात नाही. हळू. ट्रॅक्टर माझ्यानंतर वीसच मिनिटांनी आला होता, असं नंतर कळलं. वीस मिनिटं. मी म्हणते, मला कसं माहीत असणार वीसच? ते म्हणतात, "मी सांगितलं होतं, येतो." मी म्हणते तिचं रडणं थांबलं होतं. ते म्हणतात, "मला वाटलं तुम्ही दोघी…" आणि उठून जातात.

त्यांचंही खोटं नाही. मी त्यांना त्या नदीत ज्या भीतीत सोडलं, ती भीती मला पण सोसली नसती. आणि माझंही खोटं नाही. वीस मिनिटं तिथे बसून राहिले असते आणि तिला काही झालं असतं, तर? आणि नसतंच झालं, तर?

तुम्ही त्या रेतीत असता, पोर मांडीवर, रडत नाही, बाटलीत दोन घोट, आणि जो तुमच्यासाठी उन्हात उघड्या डोक्याने पळालाय तो सांगून गेलाय की हलू नको. तुम्ही काय केलं असतं? थांबला असता?